अब्बांचे नवे कान

अब्बांशी मी पहिल्यांदा फोनवर बोलले तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते आणि ते अडुसष्टचे.

त्याआधी फोन अम्मी घ्यायची. मी पुण्याहून काही विचारायचे, ती ते मिरजेच्या घरात ओरडून सांगायची, अब्बा ओरडून उत्तर द्यायचे, आणि ती ते मला पुन्हा सांगायची, बहुतेक वेळा स्वतःची भर घालून. "ते म्हणतायत बरे आहेत. काही बरे नाहीत, खोकतायत." आमच्या घरात दख्खनी बोलतात; मी इथं मराठीत लिहिते आहे. भाषा कुठलीही असो, आम्ही सगळे ती ओरडूनच बोलायचो. पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मुलींनी मला विचारलं होतं, "तसनीम, तू सारखी चिडलेली का असतेस?"

अब्बांचे दोन्ही कान लहानपणी फुटले. कृष्णेत डुंबणं, सर्दी, वर कुणीतरी ओतलेलं गरम तेल. कान वर्षानुवर्षं वाहत राहिले, आणि वाहायचे थांबले तेव्हा दोन्ही पडद्यांना मोठी भोकं राहून गेली होती. पुढं डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, पण अब्बा नाही म्हणाले. कानामागं चाकू लावून घ्यायचा नव्हता, आणि काम तर चालतच होतं.

काम खरोखरच चालत होतं. मिरजेत तंबोरे करणारे पुष्कळ आहेत, पण अब्बांच्या, म्हणजे दस्तगीर उस्तादांच्या, हातची जवारी हवी म्हणून गाणारे लोक धारवाडहून, ग्वाल्हेरहून यायचे. जवारी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. तंबोऱ्याच्या चार तारा, एक पंचम, दोन मधली जोड आणि शेवटचा जाड खर्ज, भोपळ्यावरच्या एका रुंद घोडीवरून जातात. घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला केसाएवढा उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर घासत, उठत, टेकत थरथरते, आणि त्यातूनच तंबोऱ्याचा तो भरलेला, न संपणारा झंकार येतो. हा उतार कानशीनं घासून काढायचा. एक हात जास्त फिरला की तार चिरकते, कमी फिरला की मुकी राहते. याचं माप कुठं लिहिलेलं नाही. अब्बा मान वाकवून कान भोपळ्याजवळ न्यायचे, तार छेडायचे, घासायचे, पुन्हा छेडायचे. त्यांची जवारी गोल असे, मिटलेली. कुणीतरी शेजारी बसून हळू बोलावं तशी.

आता माझ्या कामाबद्दल.

उकडलेलं अंडं सोलताना टरफलाला आतून चिकटलेला पांढरा पापुद्रा सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो बोटाला चिकटतो, आपण झटकून टाकतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो पिंजून दाबलेल्या कापसासारखा दिसतो: प्रथिनांचे बारीक तंतू, एकमेकांत अडकलेले. त्यातून हवा जाते, जंतू अडतात. एकवीस दिवस आतल्या जिवाला सांभाळणं एवढंच त्याचं काम. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडी कमी. माणसाच्या कानाचा पडदाही जवळजवळ तेवढाच जाड असतो.

आमच्या प्रयोगशाळेत केक आणि बिस्किटांच्या कारखान्यांतून टरफलं पोत्यांनी यायची. सौम्य आम्लात भिजवून आम्ही पापुद्रा सुटा करायचो, त्यातली कोंबडीची सगळी ओळख धुऊन काढायचो आणि उरलेल्या जाळीत पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं मुरवायचो. नखाएवढा तुकडा कानाच्या नळीतून आत सरकवून भोकावर बसवायचा. चाकू नाही, पूर्ण भूल नाही, दहा मिनिटांचं काम. मग भोकाच्या काठावरच्या पेशी त्या जाळीवर पसरतात, वेल मांडवावर चढतो तशा, आणि सहा आठवड्यांत मांडव विरून जातो. उरतो तो माणसाचा स्वतःचा, कोवळा पडदा. तो जन्मतःच्या पडद्यापेक्षा चिवट असतो. पुढं कधी फाटलाच तर आठ दिवसांत आपला आपण भरून येतो. हे शेवटचं वाक्य आमच्या माहितीपत्रकात मी लिहिलं होतं.

२०३४ सालापर्यंत जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरं सुरू झाली होती. कान वाहणारी मुलं सकाळी रांगेत बसायची आणि दुपारी घरी जायची. अशी हजारो मुलं मी पाहिली, आणि प्रत्येक शिबिराच्या शेवटी माझ्या मनात एकच माणूस असायचा. कारण मोठं काही नव्हतं. मला त्यांच्याशी फोनवर बोलायचं होतं.

"काम चालतंय की," मी मिरजेला जाऊन विषय काढला तेव्हा अब्बा ओरडले.

"चालू दे. पण ऐकूही येऊ दे."

"आणि कोंबडीचा पडदा बसवल्यावर मी पहाटे आरवायला लागलो तर?"

"आता काय वेगळं करता?" अम्मी स्वयंपाकघरातून पुटपुटली. ते फक्त मला ऐकू गेलं.

शेवटी ते माझ्यासाठी तयार झाले. अर्ज मीच भरला. व्यवसाय या रकान्यात 'वाद्यनिर्मिती' लिहिलं. खालचा रकाना होता अपेक्षित लाभाचा: कमी, मध्यम, अधिक. मी 'अधिक'वर खूण केली. वाद्य करणाऱ्या माणसाला चांगले कान मिळाले तर चांगलंच, यात विचार करण्यासारखं काय आहे असं मला वाटलं. अर्ज तपासणाऱ्या वरच्या दोघांनाही तसंच वाटलं.

पडदे बसवल्यावर सहा आठवड्यांनी, संध्याकाळी सातला, माझा फोन वाजला.

"तसनीम?"

"बोला अब्बा."

ते म्हणाले, "अगं, तुझा आवाज असा आहे?"

"कसा?"

"जाड आहे." मग म्हणाले, "माझ्या आईसारखा."

पहिले काही आठवडे घरात गंमतच होती. चाळीस वर्षं अम्मी त्यांच्या पाठीशी उभी राहून मनातलं सगळं हळू आवाजात बोलत आली होती. तिची ती सवयच झाली होती. एका सकाळी ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "कप उचलून मोरीत ठेवायची अक्कल अल्ला यांना कधी देणार कोण जाणे." अब्बा उठले, कप मोरीत ठेवला, आणि परत येऊन बसले. अम्मी हातात विळी घेऊन बाहेर आली.

"ऐकू आलं?"

"आलं."

"आणि काल जे बोलले ते?"

"तेही."

अम्मी दोन दिवस काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाली, "तू मला विचारायला हवं होतंस."

जुलैत मी चार दिवस घरी होते तेव्हा कुमुदिनीबाई सबनीस आल्या. कोल्हापूरच्या, सत्तरी ओलांडलेल्या, मोठ्या गाणाऱ्या. दरवर्षी त्या आपला तंबोरा जवारीसाठी अब्बांकडे ठेवायच्या आणि आठवड्यानं न्यायच्या. त्या सतरंजीवर बसल्या, तंबोरा मांडीवर घेतला, चार तारा छेडल्या. मग पुन्हा छेडल्या.

"उस्ताद, घाई झाली का यंदा?"

"नाही बाई. उलट दोन दिवस जास्त घेतले."

"मग हा माझा नाही."

"तुमचाच आहे. इतकी वर्षं तो गुदमरलेला होता, आता मोकळा झालाय. खर्ज ऐका."

"खर्ज मी पन्नास वर्षं ऐकतेय हो." त्या हसल्या, पण तारांवरचा हात त्यांनी उचलला होता. "पूर्वी हा माझ्या आतून वाजायचा. आता समोरून वाजतोय. मला पहिल्यासारखा करून द्या. सवडीनं करा, घाई नाही."

त्या गेल्यावर अब्बांनी तोच तंबोरा माझ्यासमोर छेडला. "तू सांग. हा वाईट आहे?"

मला वाईट वाटत नव्हता. पण काय झालं असावं ते मला त्या क्षणी कळलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुलैचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्या जुन्या कानांचा श्रवणालेख काढला, म्हणजे कुठल्या उंचीचा आवाज किती ऐकू यायचा त्याची रेघ. पडद्याला मोठं भोक असलं की खालचे, जाड आवाज त्यातून निसटून जातात. ते पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच दाबतात आणि पडदा हलतच नाही. वरचे, बारीक आवाज त्यामानानं पोहोचतात. म्हणजे प्रत्येक तंबोरा अब्बांना होता त्यापेक्षा पातळ आणि चिरका ऐकू यायचा. तो त्यांना गोल वाटेपर्यंत ते घासत राहायचे. ज्यांचे कान धड होते त्यांना तो गोलाहून गोल ऐकू यायचा. आता भोकं बुजली होती, खालचे आवाज आत आले होते, आणि त्यांना स्वतःचेच जुने तंबोरे घोंगडीखाली झाकल्यासारखे वाटत होते.

अब्बांनी रेघेवरून बोट फिरवलं. "म्हणजे हातात काही नव्हतं. कानात होतं."

"तसं नाही अब्बा."

"मग कसं?"

मी ते पान घडी घालून पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते कानात कापूस घालून बसले. मी सांगितलं की कापूस उलटं करतो, तो बारीक आवाज आधी खातो. त्यांनी कापूस काढून टाकला. मग मोरीवर हात धुताना, पाठ माझ्याकडे असताना, त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "परत भोक पाडता येईल?"

"आठ दिवसांत बुजेल."

"आठ दिवसांत एका तंबोऱ्याची जवारी होते."

"अब्बा, काय बोलताय?"

"विचारलं फक्त."

पुण्याला परत आल्यावर मी तीन आठवडे दुसरं काही केलं नाही. त्यांचा जुना श्रवणालेख आमच्याकडे जपून ठेवलेला होताच. मी एक हेडफोन तयार केला. बाहेरचा आवाज तो आत घ्यायचा, त्यातले खालचे सूर त्या रेघेबरहुकूम उतरवायचा आणि मगच कानात सोडायचा. तो लावला की अब्बांना सहा महिन्यांपूर्वी यायचं तेवढंच ऐकू आलं असतं. जगात लोक बहिऱ्यांना ऐकू यावं म्हणून यंत्रं करत होते, आणि मी ऐकू येणाऱ्या माझ्या बापाला बहिरं करणारं यंत्र घेऊन मिरजेला निघाले होते.

यंत्र चाललं. ते लावून त्यांनी कुमुदिनीबाईंचा तंबोरा एका दुपारी पूर्ववत केला. बाई न्यायला आल्या, त्यांनी दोनदा तारा छेडल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "आला परत," त्या म्हणाल्या. अब्बांनी मान हलवली. हेडफोन लावून त्यांनी आणखी तीन तंबोरे केले. तिन्ही लोकांना पसंत पडले.

सप्टेंबरमध्ये त्यांनी तो काढून डब्यात ठेवला.

"हे लावलं की तंबोरा चांगला होतो," फोनवर ते म्हणाले. "काढलं की मला ऐकवत नाही. मग मी माझं नाव कशाला लावायचं त्याला?"

"लोकांना तर हवाय अब्बा."

"त्यांना हवाय तो दुसरा माणूस. तो चांगला होता. पण मी रोज उठून त्याचं सोंग नाही करणार."

"मग काय करणार?"

"काही नाही. वय झालं." आणि लगेच, "तुझ्याकडं मागं ते काय घूं करतंय?"

"फ्रिज आहे."

"दर थोड्या वेळानं सूर बदलतो त्याचा. तुला कळतं का?"

मला कळत नव्हतं. त्यानंतर ते रोज संध्याकाळी सातला फोन करायचे आणि असलंच काही विचारायचे. पुण्यात पाऊस पत्र्यावर कसा वाजतो, लिफ्ट वर जाताना आणि खाली येताना वेगळी बोलते का, मी कंटाळले की माझा आवाज खाली का जातो. मी हसायचे. नवी आलेली कामं ते परत पाठवतात, मागच्या खोलीत दार लावून बसतात, हे मला अम्मीकडून कळलं होतं. मला वाटलं, त्यांनी हाय खाल्ली आहे. मी त्याबद्दल विचारलं की ते विषय बदलायचे, आणि मी तो बदलू द्यायचे, कारण फोन लवकर संपू नये असं मला वाटायचं. त्या दीड वर्षात आम्ही जितकं बोललो, तितकं आधीच्या एकेचाळीस वर्षांत बोललो नव्हतो. त्यासाठी त्यांचं काम गेलं हे मला माहीत होतं. तरी सात वाजायला आले की मला आनंदच व्हायचा. हे कबूल करणं अजून जड जातं.

पुढच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी, नमाज झाल्यावर चहा पिता पिता अब्बा गेले. हृदय थांबलं. कप सांडलासुद्धा नाही, असं अम्मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती.

पाचव्या दिवशी मी मागची खोली उघडली. अंधार, धूळ, उदास पडलेली हत्यारं असं काहीतरी दिसेल अशी मनाची तयारी केली होती. खोली झाडलेली होती. कानशी ओळीनं लावलेल्या होत्या. हेडफोनचा डबा फळीवर वर्षभराची धूळ खात होता. आणि खिडकीच्या कट्ट्यावर घोड्या मांडल्या होत्या, एकीशेजारी एक. मी मोजल्या. तेवीस.

प्रत्येक घोडीच्या पोटाला पेन्सिलीनं तारीख होती आणि त्याखाली अब्बांच्या वाकड्या अक्षरात एखादी ओळ. पहिली सप्टेंबरची: 'सगळं ओरडतं.' नोव्हेंबरची: 'खर्ज बोलतो, उशिरा बोलतो.' जानेवारीत दोन आठवड्यांत चार घोड्या बाद. 'पंचम कोरडा.' 'पुन्हा कोरडा.' 'घाई केली.' एप्रिलमध्ये: 'जोड जुळली, खर्ज रुसला.' जूनमध्ये एका घोडीवर नुसतंच लिहिलं होतं: 'थोडं.'

त्यांनी काम सोडलंच नव्हतं. सत्तरीला आलेला माणूस नवे कान घेऊन पहिल्या इयत्तेत जाऊन बसला होता. आणि सांगण्यासारखं काही जमेपर्यंत त्यांना कुणाला सांगायचं नव्हतं, मलाही नाही. फ्रिज, लिफ्ट, पत्र्यावरचा पाऊस, माझा आवाज: तो त्यांचा अभ्यास चालू होता.

चोविसावी घोडी तंबोऱ्यावर बसवलेली होती. तंबोरा भिंतीशी उभा होता, तुणाच्या लाकडाचा, साधा, नक्षी नसलेला. पुरा झालेल्या तंबोऱ्याला अब्बा आतून नावाची चिठ्ठी चिकटवायचे. याला चिठ्ठी नव्हती. मी तो उचलून बाहेरच्या खोलीत आणून ठेवला. अम्मीनं त्याच्यावरून हात फिरवला.

त्याच दुपारी कुमुदिनीबाई भेटायला आल्या. त्यांनी अम्मीचे दोन्ही हात हातात घेतले. मग अब्बांच्या जवारीबद्दल बोलल्या, आपल्या गुरूंनी त्यांना पहिल्यांदा या घरात कसं आणलं ते सांगितलं. बोलता बोलता त्यांची नजर भिंतीकडे गेली.

"हा कुणाचा?"

"इथलाच आहे," मी म्हणाले.

"वाजवू का? दुःखाच्या घरात विचारते, राग मानू नका."

अम्मीनं मान हलवली. बाईंनी तंबोरा मांडीवर घेतला, खुंट्या जराशा पिळून सूर लावला आणि डोळे मिटून छेडू लागल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्या पुष्कळ वेळ छेडत राहिल्या. मध्येच पंचमावर थांबल्या, तोच पुन्हा पुन्हा वाजवला, कपाळाला बारीक आठी पडली, मग ती गेली.

"उस्तादांनी कुणाला हाताशी घेतलं होतं का शेवटी?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं. "मला कधी बोलले नाहीत."

अम्मीनं माझ्याकडे पाहिलं. मी तंबोऱ्याकडे पाहत राहिले.

"हात कच्चा आहे," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "पंचम अजून सापडलेला नाही. पण कान बघा केवढा स्वच्छ आहे. उस्तादांची नक्कल नाही केली कुठं. त्यांच्या सावलीत बसून असं वेगळं ऐकायचं म्हणजे सोपं नाही. या माणसाला सोडू नका."

"किती दिवस लागतील?" मी विचारलं. माझा आवाज खाली गेला होता. "तयार व्हायला?"

त्यांनी तंबोरा अलगद खाली ठेवला. विचार केला. "मन लावून बसला तर तीन वर्षं. फार तर चार." मग पदर सावरून त्या उठल्या आणि अम्मीला म्हणाल्या, "झाला की मला कळवा. त्याचा पहिला तंबोरा मी घेईन."

"कळवू," अम्मी म्हणाली, आणि त्यांना दारापर्यंत सोडायला गेली.